आनंदी घर, चौथा मजला

सकाळी भोंगा खाकरायचा आणि याओ ग्वेदीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"प्रिय रहिवासी मित्रांनो, सुऽऽप्रभात!" ही रहिवासी समितीची छोटी फान. वय सत्तावीस, आवाज सात वर्षांचा. "आजचा दिवस कसा आहे? छाऽऽन आहे! घरात राहूया, हात धुऊया, मन ताजं ठेवूया! चाचणीसाठी मजल्यामजल्यानं खाली यायचं आहे. आणि येताना काय घालायचं आहे? तोंडावर मास्क, आणि मास्कच्या आत हसूऽऽ!"

"मास्कच्या आत मी जीभ काढून येते बघ," दात घासता घासता ग्वेदी म्हणाली आणि फेस आरशावर उडाला. "कुणाच्या बापाला दिसणारे?"

ती तीस वर्षं शांघायच्या बसमध्ये कंडक्टर होती. "पुढं सरका! दार काय तुमच्या आजोबांनी बांधलंय?" असं म्हणत तिनं अर्धं शहर पुढं सरकवलं होतं. नोकरी संपली, तोंडाची सवय संपली नाही. पण पूर्वी राग काढायला सगळं शहर मोकळं होतं. रांगेत घुसणारे होते, बागेत नाचताना पाय तुडवणारे होते, कुत्र्याची घाण न उचलणारे होते. आता वसाहतीच्या फाटकाला पत्रे ठोकलेले, आणि ग्वेदीच्या वाट्याला उरल्या दोन खोल्या आणि एक नवरा.

आणि तो नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला.

लू जिनगन त्याचं नाव. उभा जन्म कारखान्यात लेथवर गेला, म्हणून वसाहतीत सगळे त्याला लू मिस्त्री म्हणत. बोलणं मुळातच कमी. त्याचं सगळं बोलणं बाजारात व्हायचं. रोज उजाडताना चाकांची कापडी पिशवी ओढत तो भाजीबाजारात जायचा. माशाचे कल्ले उघडून बघायचा, मुळ्याला टिचकी मारून कान लावायचा, आणि सगळी खरेदी झाल्यावर कांद्याच्या पातीची मूठभर जुडी फुकट मिळावी म्हणून भाजीवालीशी असा भांडायचा की तिलाही त्याची वाट बघायची सवय झाली होती. घरी आला की शर्टावर कापडी बाह्या चढवायच्या, एप्रन बांधायचा आणि चुलीचा ताबा घ्यायचा. यात विशेष काही नाही. आमच्याकडे घरोघरचे पुरुष बाजार करतात, धुणं धुतात, रांधतात, आणि बायका त्याची फुशारकी मारतात. ग्वेदी जरा जास्तच मारायची. "आमच्या घरात मीठ कुठं ठेवतात ते मला विचारू नका," असं ती दागिना दाखवावा तसं सांगायची.

मग टाळेबंदी आली आणि बाजार बंद झाला. घरात होतं ते जिनगननं पुरवून पुरवून केलं. त्यानंतर सरकारी पिशवी यायला लागली. पिशवीत कोबी, गाजर आणि मुळा. पुढच्या पिशवीत मुळा, गाजर आणि कोबी. जिनगननं कोबी परतला, कोबी वाफवला, कोबी आंबवला, कोबीचं सार केलं. एका सकाळी त्यानं पिशवी उघडली, आत बघितलं, कापडी बाह्या काढल्या, त्यांची नीट घडी घातली आणि फ्रिजवर ठेवली.

"काय झालं?" ग्वेदीनं विचारलं.

"कोबीशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही," तो म्हणाला आणि जाऊन पडला.

तेव्हापासून पडलेलाच होता. चाचणीच्या रांगेपुरता उठे, संडासापुरता उठे. ग्वेदी भाताची पेज करायची. ती कधी खळ व्हायची, कधी नुसतं पाणी. तो दोन चमचे घ्यायचा आणि परत भिंतीकडे वळायचा. त्याची विजार कमरेवरून घसरायला लागली होती. एकदा रांगेत उभा असताना त्यानं ती एका हातानं धरून ठेवलेली ग्वेदीनं पाहिली. माणूस असाच भिंतीत जिरून गेला तर? दवाखान्यात न्यायचं तर फाटकाबाहेरची परवानगी हवी, आणि परवानगीसाठी ताप हवा, मोडलेलं हाड हवं. "नवरा कोबीवर रुसलाय" याला कोण परवानगी देणार?

ग्वेदीला भीती वाटली की ती रागवायची. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

लेक नदीपलीकडे तिच्या घरात अडकलेली. तिचा फोन आला. "आई, बाबांना कशात तरी गुंतव. दिवसाचं वेळापत्रक आख. श्वासाचे व्यायाम. मी एक व्हिडिओ पाठवते."

"श्वास तो घेतोच आहे," ग्वेदी म्हणाली. "तेवढंच एक करतोय."

तरी तिनं सगळं करून पाहिलं, नाही असं नाही. कागदाचे बगळे झाले. बगळा म्हणून केला तो बूट झाला. बुद्धिबळाचा पट उशीजवळ मांडून झाला. व्यायामाचा व्हिडिओ लावून ती स्वतः पलंगासमोर हात वर करून उभी राहिली, "आकाश पेला, आकाश पेला" असं ओरडत. जिनगन एकदाच वळला, पेललेल्या आकाशाकडे बघितलं, "हं" म्हणाला आणि पुन्हा भिंतीला लागला.

"हं काय? हं काय?" ग्वेदी किंचाळली. "तुझ्यासाठी माझा खांदा धरला ना रे म्हाताऱ्या!"

त्यात पहिल्या मजल्यावरच्या ज्वांग बाई. शाळेत गाणं शिकवायच्या, निवृत्त झाल्या, आणि सगळी इमारतच त्यांचा वर्ग झाली. सामानाची सामुदायिक मागणी त्याच नोंदवायच्या आणि समितीनं काढलेला 'आनंदी घर' हा उपक्रमही त्याच चालवायच्या. प्रत्येक घरानं आपण घरात बसून किती मजेत आहोत याचा व्हिडिओ इमारतीच्या ग्रुपवर टाकायचा. सगळ्या घरांचे आले की इमारतीच्या दारावर मानाची लाल पाटी लागणार. बाईंचे बोलके निरोप आधी घसा साफ करायचे, मग सूर लावायचे आणि मग यायचे.

"मित्रमैत्रिणींनोऽऽ! दुसऱ्या मजल्यानं संत्र्याच्या सालीचा कंदील केला! टाळ्याऽऽ! पाचव्या मजल्यावरचे आजोबा पलंगाभोवती धावत धावत मॅरेथॉन पूर्ण करणार आहेत! टाळ्याऽऽ! आता राहिलं कोण बरंऽऽ? चौथा मजला, डावीकडचं घर! कुठं लपलंयऽऽ?"

"चौथ्या मजल्यावर माणूस आजारी आहे," ग्वेदीनं लिहिलं.

बाईंनी सूर्यफुलाचं चित्र टाकलं. छोट्या फाननं नाचणारं अस्वल टाकलं. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी अंगठा टाकला. मग बाईंचा निरोप आला: "ताप नाही ना? मग आजारी नाहीऽऽ! मनाला खिडकी उघडायला सांगा, याओ ताई!"

ग्वेदीनं खिडकीतून ज्वांग बाईंना काय करता येईल ते लिहिलं. ते फाननं पुसून टाकलं आणि वर लिहिलं, "ग्रुपवर सकारात्मक वातावरण ठेवूया."

असेच दिवस चालले होते. छिंगमिंगचा सण आला आणि गेला. कबरी झाडायला कुणी गेलं नाही, हिरवे लाडू कुणी केले नाहीत. त्यानंतरच्या एका दुपारी ग्वेदी लादी पुसत होती आणि भिंतीकडून आवाज आला.

"कोंब आले असतील."

ती पुसणं धरून तशीच उभी राहिली. "काय म्हणालास?"

"बांबूचे कोंब. बाजारात ढीग लागले असतील. आणखी थोडे दिवस. मग लाकूड होतात." बस, एवढंच.

पण एवढ्यावर ग्वेदीच्या अंगात वारं शिरलं. वसंतात या घरात येन-दू-श्येन व्हायचंच. नव्या वर्षाआधी जिनगननं स्वतः खारवलेलं डुकराचं मांस, ताजं मांस आणि बांबूचे कोवळे कोंब एकत्र करायचे आणि मंद आचेवर दुपारभर ठेवायचे. सार दुधासारखं पांढरं होतं आणि त्याचा वास तीन मजले खाली जातो. खारवलेला तुकडा उत्तरेच्या खिडकीत टांगलेलाच होता. ताज्याच्या जागी गोठवलेलं मांस होतं, एकदाच सरकारी पिशवीतून आलेलं. हवे होते फक्त कोंब. ग्वेदी जिना उतरून थेट ज्वांग बाईंच्या जाळीच्या दारावर गेली.

"कोंब?" बाई जाळीमागून म्हणाल्या. "अगं ताई, ते गरजेच्या सामानात बसत नाहीत. फानचा नियम आहे. तांदूळ, तेल, दूध, लंगोट."

"मग लंगोटाचं सार करू का?"

"चिडायचं नाहीऽऽ. वसंतात कोंब खाणं म्हणजे जरा चैनच नाही का? या काळात आपण सगळ्यांनी मनानं—"

"चैन!" ग्वेदीनं जाळी धरली. "बाई, मुळ्याला दोन पैसे जास्त मागितले म्हणून तुमचे यजमान बाजारात हातघाईवर यायचे. आता विचारा त्यांना, कोंब चैन आहे का? कुठं आहेत ते? बोलवा."

आतून कुणीतरी खोकलं आणि लगेच गप्प झालं.

ज्वांग बाईंनी आवाज खाली आणला. आता त्या गात नव्हत्या. "हे बघ. मी भाजीच्या नावाखाली कोंब घुसवते. भाजी ती भाजी. पण मला तुझ्या घराचा व्हिडिओ हवाय. पाटी अडलीय तुझ्यापायी."

"माझा माणूस तिकडे आटत चाललाय आणि तुम्हाला पाटी हवीय?"

"तुला कोंब हवेत की नको?"

ग्वेदीनं दात-ओठ खाल्ले. पण दुसऱ्या दिवशी ज्वांग बाई काठीवर फोन लावून चौथ्या मजल्याच्या जिन्यात हजर झाल्या तेव्हा ती केस विंचरून, हातात झाडू घेऊन उभी होती. झाडूनृत्य बाईंनीच ठरवलं होतं. "उजवा पाय! झाडू वर! आणि हसाऽऽ! डोळ्यांनी हसायचं, ताई, नुसते दात नकोत, दातांनी माणूस चावल्यासारखा दिसतो!"

"मला चावायचंच आहे," ग्वेदी दातांमधून म्हणाली आणि उजवा पाय टाकला.

"आणि शेवटी म्हणायचंऽऽ, 'घरात राहू, आनंद गाऊ!'"

"घरात राहू, आनंद गाऊ," ग्वेदी म्हणाली. तीस वर्षं तिनं "शेवटचा थांबा, सगळे उतरा" ज्या आवाजात म्हटलं होतं, त्याच आवाजात. मग दार लावलं आणि झाडू असा फेकला की त्याची मूठ निघाली. आयुष्यात तिनं पुष्कळ जणांचे अपमान केले होते. स्वतःचा पहिल्यांदाच केला होता.

कोंब आले. इमारतीच्या दारात ढीग होता आणि एक पांढऱ्या पोशाखातला माणूस पाठीवर टाकी लावून त्या ढिगावर जंतुनाशक फवारत होता.

"ए! ए पांढऱ्या!" चौथ्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला आणि तो दचकून वर बघायला लागला. "खायची वस्तू आहे ती! झाडाला पाणी घालतोस का?"

"नियम आहे, मावशी!"

"तुझ्या जेवणाच्या डब्यावर मारतोस का हे? मार की! घास घास मार!"

तो बिचारा उरलेल्या ढिगावर दोन फुसफुस करून सटकला. नशीब कोंबांचं, की त्यांच्या अंगात सालींचे डझनभर सदरे असतात. ग्वेदी स्वयंपाकघरात बसून एकेक सदरा उतरवत गेली. एवढा मोठा कोंब, सोलता सोलता बोटाएवढा झाला. "हे काय? फसवलं की मेल्यांनी! आत माणूसच नाही, नुसते कपडे!" सालींचा डोंगर झाला. तिनं कोंब चिरले म्हणजे तोडले. मांस घातलं, खारवलेल्या तुकड्यातला निम्मा न धुता घातला, पाणी घातलं, गॅस मोठा केला. उकळी आली. रंग बघितला. पांढुरका, फिका, आजाऱ्यासारखा. एवढी लाज विकून आणलेलं सार असं फिकं? तिनं बाटली उचलली आणि काळं सोया घळघळ ओतलं.

वास सुटला. पलंग करकरला.

"क्वेदी." भिंतीकडून आवाज आला. लग्नाच्या आधीपासून तो तिचं नाव असंच उच्चारायचा. "काय घातलंस?"

"काय घातलं म्हणजे? मीठ-मसाला."

"सोया घातलंस."

"रंगाला."

पलंग पुन्हा करकरला. मग पावलं. विजार एका हातात धरून लू जिनगन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, केस एका बाजूनं चपटे, गालावर चटईचे वळ. त्यानं पातेल्यात डोकावलं.

"सोया," तो म्हणाला. "येन-दू-श्येनमध्ये सोया. तू माणूस आहेस का? या साराला पांढरं ठेवायचं असतं! माझी आई, तिची आई, कुणी या साराला काळं फासलं नाही! कोंब आधी उकळून घेतलेस का? नाही! घशाला खाजेल! खारं मांस भिजत घातलंस? नाही! आणि ही आच? प्रेत जाळतेस का? मंद, मंद, बुडबुडा एकेक यायला हवा, आणि तू, तू... सरक तिथून!"

एवढं बोलणं त्यानं लग्नातही केलं नव्हतं.

"मला काय माहीत? मी केलंय का कधी? पडून कोण राहिलं होतं, मी का तू?" ग्वेदीही सुटली. "झाडू घेऊन नाचले मी या कोंबांसाठी! त्या सूर्यफुलासमोर नाचले! आणि तू मला आईची आई सांगतोस?"

"उरलेत का अजून?"

"चार उरलेत. माझ्या डोक्यात घाल."

त्यानं फ्रिजवरच्या कापडी बाह्या उचलल्या, झटकल्या, चढवल्या. एप्रनची नाडी दोन वेढे जास्त आली. मग तो चार कोंबांकडे असा बघायला लागला, की ग्वेदीला नाक शिंकरायला संडासात जावं लागलं. तिथूनही ती ओरडत होती, की असं बघतोस तसं माझ्याकडे कधी बघितलं नाहीस. खारवलेल्या मांसाचा उरलेला तुकडा भिजला. कोंब एकदा उकळून निथळले. मग दुपारभर पातेलं एकेक बुडबुडा सोडत राहिलं आणि जिनगन स्टुलावर बसून त्याला राखत राहिला. "बघ, हा पांढरा होतोय," तो मधूनच म्हणायचा. कुणाला, ते कळत नव्हतं.

आमच्या इमारतींमध्ये स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडते. त्या दुपारी तिथून ज्वांग बाई गेल्या. कशाला आल्या होत्या, देव जाणे. वास घेत आल्या असतील. काठीवर फोन होताच.

संध्याकाळी भोंगा खाकरला. "प्रिय रहिवासी मित्रांनो, एक गोऽऽड बातमी! नऊ नंबरच्या इमारतीतले लू मिस्त्री मनानं खूऽऽप खचले होते! उठत नव्हते, जेवत नव्हते! पण 'आनंदी घर' उपक्रमानं त्यांना प्रेरणा दिली, आणि आज ते हसत हसत घरच्यांसाठी सार करत आहेत! व्हिडिओ सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला आहे! लू मिस्त्री, आम्हाला तुमचा अभिमान आहेऽऽ!"

वाडग्यात सार वाढलेलं होतं. पांढरं, दुधासारखं. जिनगननं झारा खाली ठेवला. ग्वेदीनं फोन उघडला आणि लगेच बंद केला, पण त्यानं पाहिलं होतं. स्टुलावर बसलेला वाळका म्हातारा, चपटे केस, दोन वेढे घातलेला एप्रन, मागे अकॉर्डियनची धून, आणि खाली सूर्यफुलं.

"सगळ्यांना सांगितलं," तो म्हणाला. "मी पडून होतो ते."

"त्या बाईचा गळा धरते मी. आत्ता जाते. तू खा आधी."

त्यानं बाह्या काढल्या. घडी घातली. फ्रिजवर ठेवल्या. पलंग करकरला.

त्या रात्री ग्वेदीनं ग्रुपवर जे लिहिलं ते एकेक करून पुसलं गेलं. शेवटी तिनं फक्त "काढा तो व्हिडिओ" एवढंच पुन्हा पुन्हा टाकलं, आणि फान पुन्हा पुन्हा अस्वल नाचवत राहिली.

सकाळी चाचणी. चौथा मजला खाली उतरला. ग्वेदीनं नवऱ्याला अक्षरशः ढकलत उतरवलं. तो मान खाली घालून विजार धरून चालत होता. अंगणात रांगा होत्या, आणि रांगांनी टाळ्या वाजवल्या. वाईट हेतूनं नव्हे. पण टाळ्याच.

"आले आपले नायक!" छोटी फान पुढं झाली. पांढऱ्या पोशाखाच्या पाठीवर तिनं स्वतःच एक फूल काढून घेतलं होतं. "लू काका, दोन शब्द बोला ना! सगळ्यांना बळ मिळेल!" आणि तिनं हातभोंगा त्याच्या तोंडासमोर धरला.

"त्याला सोड गं!" ग्वेदी पुढं आली. "त्याला बोलायचं नाही, मला बोलायचंय. इकडं दे तो!"

"मावशी, अंतर ठेवा, अंतर—"

पण हातभोंगा जिनगननं धरला होता. लेथवाल्याची पकड. फाननं ओढून पाहिला, सुटला नाही.

"मी उपक्रमानं उठलो नाही," भोंगा म्हणाला. आवाज खरखरत अंगणभर गेला. "माझ्या बायकोनं येन-दू-श्येनमध्ये सोया ओतलं, म्हणून उठलो."

कुठल्या तरी रांगेतून एक म्हातारा कळवळला, "सोया?"

"सोया. काळं."

"अरेरे."

"लू काका, छान, आता परत—"

"मी हसत नव्हतो," जिनगन म्हणाला. "मला आनंद नाही झालेला. मी रोज बाजारात जायचो. आता बाजार कुलपात आहे, माझी पिशवी कोपऱ्यात. मला कुणी कंदील करायला सांगू नका. वसंत संपला. सुरीमाशाचा हंगाम गेला. कोंब जातील या आठवड्यात. मी अडुसष्ट वर्षांचा आहे, माझे असे किती उरलेत? तुम्ही गाणी लावता! मला राग आला आहे!" तो थांबला, जणू स्वतःच ऐकत होता. मग मोठ्यांदा म्हणाला, "फार राग आला आहे मला!"

ज्वांग बाई पुढं झाल्या, "मित्रमैत्रिणींनो, आपण सगळे मिळून एक—"

"गोगलगायी," पाच नंबरच्या इमारतीच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. जाडा माणूस, तो मासळीबाजारात नेहमी जिनगनच्या पुढं नंबर लावायचा. "छिंगमिंगच्या आधीच्या गोगलगायी. यंदा एक चाखली नाही."

"तीनपानी कोवळी भाजी," दुसरा ओरडला. "वरून दारूचा शिंतोडा!"

"बाकल्याच्या शेंगा! आता येतील आणि जातील!"

"पिशवीत कोबी देतात! कोबी!" हा आवाज मागून आला आणि ज्वांग बाई गर्रकन वळल्या, कारण तो त्यांच्याच यजमानांचा होता. चेहरा लालबुंद. "घरी मला रोज टाळ्या वाजवायला लावतात! मला टाळ्या नकोत, मला मासा हवाय!"

मग कुणी थांबेना. एप्रनवाले, चष्मेवाले, काठीवाले, वसाहतीतले सगळे रांधणारे म्हातारे आपापल्या रांगेतून एकेक भाजीचं, एकेक माशाचं नाव ओरडायला लागले. बाजार भरल्यासारखा कोलाहल झाला, फक्त विकणारं कुणी नव्हतं. घशात काडी घालायला बसलेला पांढऱ्या पोशाखातला माणूस काडी धरून तसाच बघत राहिला. फाननं हातभोंगा शेवटी ओढून घेतला, तिचा आवाज एकदम सत्तावीस वर्षांचा झाला, जाडा आणि घाबरलेला. "शांत राहा! नावं लिहून घेईन! कोण चुकीचं वातावरण निर्माण करतंय त्याची नावं वर जातील!"

"लिही!" ग्वेदी म्हणाली. "याओ ग्वेदी. चौथा मजला, डावीकडचं घर. लाल पाटी मिळाली की तिच्यावर लिही!"

चाचणी झाली. तो व्हिडिओ ग्रुपवरून निघाला, आणि त्याच झपाट्यात चौथा मजला, डावीकडचं घर ग्रुपमधूनही निघालं. म्हणजे आता सामुदायिक मागणी नाही, दूध नाही, काही नाही. ग्वेदीनं जिना चढता चढता फोनवर ते वाचलं आणि प्रत्येक पायरीला एक शिवी घातली. जिनगन पुढं चढत होता. तिचं लक्ष त्याच्या पाठीकडे होतं. आता हा जाणार, आणि पलंग करकरणार. तिनं मनातल्या मनात कान झाकून घेतले.

पलंग करकरला नाही. ती आत आली तर तो पलंगाजवळ उभा होता आणि अंथरलेली रजई गुंडाळत होता. मग त्यानं चादर ओढली, उशी काखेत मारली.

"आता काय काढलंस?"

"ऊन पडलंय," तो म्हणाला. "वास मारतेय ही."

"तू मारतोयस! रजईचं काय नाव घेतोस? आणि आता भरदिवसा झोपशील कशावर?"

"कोण झोपतंय?"

त्यानं खिडकी उघडली, बाहेर निघालेल्या बांबूच्या काठ्यांवर रजई पसरली आणि चिमट्यांनी पक्की केली. मधोमध त्याच्या अंगाचा खळगा पडलेला दिसत होता, कडेवर वळलेल्या माणसाचा. पलीकडच्या इमारतीतून तो जाडा माणूस खिडकीत आला. "लू मिस्त्री, ते सार तुम्ही फेकलं नाही ना? सोयाचं?"

"फेकतोय कशाला? कोबी घालून संपवणार."

"त्यात कोबी?" जाडा माणूस संतापला. "कोबी कसा चालेल?"

"मग काय घालू, तुमचं डोकं?"

दोघं खिडकीतून भांडायला लागले. ग्वेदीनं दारामागची वेताची धोपटणी काढली, नवऱ्याला कोपरानं बाजूला सारलं आणि रजईच्या त्या खळग्यावर पहिला तडाखा ठेवून दिला. धूळ उडाली. हा त्या सूर्यफुलाला. हा अस्वलाला. हा त्या पांढऱ्याच्या टाकीला. हा लाल पाटीला. आणि हा, हा, हा तुला, मला घाबरवलंस म्हणून.

"हळू!" जिनगन ओरडला. "कापूस फुटेल!"

"फुटू दे!" ती म्हणाली आणि बाही वर सारून दुसऱ्या हातात धोपटणी घेतली.